बाबांची गव्हाची बिअर

काल बाबांना मुंढव्यातल्या एका ब्रूपबमध्ये, म्हणजे बिअर तिथेच बनवणाऱ्या पबमध्ये, नेलं. बाबांचं पिणं म्हणजे वर्षातून दोनदा, सोबत खारे दाणे, तेही खिडकीचे पडदे ओढून. इथे भर दुपारी काचेपलीकडच्या स्टीलच्या टाक्या बघून म्हणाले, "डेअरीच आहे की ही!"

आधी चवीपुरते छोटे ग्लास मागवले. हेफेवायझेनचा घोट घेतला आणि थेट वेटरला, "यात केळं घातलंय का रे?" तो हसला. केळं नाही, लवंगही नाही. गव्हाच्या या बिअरमधले दोन्ही वास ती आंबवणारं यीस्टच तयार करतं. आणि गाळत नाहीत, म्हणून गढूळ. मग गाडी आजीच्या इडलीच्या पिठावर गेली ती अर्धा तास तिथेच. स्टाउट ही काळी बिअर मला फार आवडली, त्यांना करपलेली कॉफी वाटली.

आम्ही मूळचे नाशिकरोडचे. म्हणून सांगितलं, २००९ साली पुण्यात सुरू झालेल्या 'डूलाली' या ब्रूपबचं नाव आपल्या देवळालीवरून आलंय. गोरे सोल्जर तिथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत बसायचे आणि पार वैतागायचे, म्हणून इंग्रजीत 'डूलाली' म्हणजे डोकं फिरलेला.

"म्हणजे आपली देवळाली त्यांचं येरवडा!"

विंग्ज थंडगार आल्या, गाण्यांचा आवाज असा की शेजारच्याशीही ओरडून बोलायचं. बिल आल्यावर बाबांनी चष्मा काढून पुसला, परत लावला.

घरी आईने विचारलं, काय प्यायलात?

"गव्हाचं होतं गं. पौष्टिक."