तुम्ही विचारलंत म्हणून: मुलांना एकेकटं का नाही बसवत?

"ताई, आमचं ए ग्रुपचं नक्की आहे, मग करिअरचं ग्रुप काउन्सेलिंग कशाला?"

बडोद्यातल्या दांडिया बाजारातून एका वडिलांचा असा फोन आला तेव्हा मला आधी हसूच आलं. गुजरात बोर्डात अकरावी सायन्सला गणितवाला ए ग्रुप आणि जीवशास्त्रवाला बी ग्रुप. दहावीचं मूल असलेल्या बडोद्याच्या घरात 'ग्रुप'चा दुसरा अर्थच नसतो. माझ्याकडे शनिवारी आठ मुलं एकत्र बसतात म्हणून ग्रुप, असं समजावल्यावर त्यांनी तो नेहमीचा प्रश्न विचारला. "म्हणजे आमच्या मुलाकडे वेगळं लक्ष नाही? एक टेस्ट घ्या, काय जमेल ते सांगा, झालं."

सुरुवातीची काही वर्षं मी तेच करत होते. टेस्ट, मग स्पायरल बाइंडिंगचा रिपोर्ट. घरचे तो रिपोर्ट पत्रिकेसारखा हातात धरायचे आणि मूल माझ्याकडे बघत बसायचं, गुरुजी काय सांगतात म्हणून. टेस्ट खोट्या नसतात. मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंडने 1959 साली मांडलेले कामाच्या आवडीचे सहा प्रकार मी आजही वापरते. पण पंधरा वर्षांची पोर 'लोकांना मदत करायला आवडतं' यापुढे टिक करते तेव्हा ते तिचं उत्तर असतं की रोज जेवताना कानावर पडणारं वाक्य, हे कागदावरून कळत नाही. खोलीत तिच्यासमोर मी एकटी असले तर तिच्या लेखी मीही एक मोठं माणूसच. मला आवडेल तेच ती बोलते.

वयात येताना 'मी कोण' हा प्रश्न ऐरणीवर येतो, हे मनोविश्लेषक एरिक एरिकसनने मांडलं. त्याची स्वतःची गोष्टही तशीच. खरा बाप कोण ते ठाऊक नाही, शाळेत सावत्र वडिलांचं आडनाव, विशीत चित्रं काढत युरोपभर भटकंती, आणि 1939 मध्ये अमेरिकेचा नागरिक होताना 'एरिकसन' हे नाव स्वतःच घेतलेलं. पुढे 1966 साली मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्सियाने त्याच विचारातून दोन साधे प्रश्न काढले: शोधलंय का, आणि ठरलंय का? दोन्हींच्या हो-नाहीतून चार खाने होतात. त्यातल्या एका खान्याने माझी झोप उडवली. शोध काहीच नाही, पण ठरलेलं मात्र पक्कं! आमच्याकडे ज्याला 'हुशार मुलगा, डोक्यात क्लिअर आहे' म्हणतात, तो पुष्कळदा याच खान्यात बसलेला असतो. आणि 'मॅडम, काहीच कळत नाही' म्हणत शोधत असलेली मुलगी, जिची आई तिच्यादेखत कपाळाला हात लावते, ती त्याच्यापेक्षा पुढे असू शकते.

'मला माहीत नाही' हे एकट्या मुलाला कमीपणाचं वाटतं. आठांतल्या पाचांनी तेच लिहिलेलं दिसलं की खांदे सैल पडतात. मी समजावून हे होत नाही, करून पाहिलंय.

मात्र गट म्हणजे काही जादू नव्हे. एका वर्षी पहिल्याच मुलाने ठणकावून 'सीए' म्हटलं आणि गोल फिरून येईपर्यंत आणखी चार सीए तयार झाले. चूक माझी होती, मी आधी बोलायला लावलं. तेव्हापासून आधी कागदावर लिहायचं, घडी घालायची, मग बोलायचं. त्याच गटातली एक मुलगी तीन शनिवार गप्प बसली आणि चौथ्यांदा आलीच नाही. मी तिला लाजाळू समजले होते. आता गटाआधी प्रत्येकाला अर्धा तास एकटं भेटते. काही मुलांना गट मानवत नाही, त्यांना बळेच बसवत नाही.

दुसऱ्या शनिवारी मी एका माणसाचं नाव न सांगता त्याचा प्रवास फळ्यावर लिहिते. चित्रकला शिकला. गोध्र्यात फोटो स्टुडिओ काढला, प्लेगमध्ये बायको-मूल गेलं, गाव सोडलं. पुरातत्त्व खात्यात नोकरी, मग छापखाना, तोही सुटला. याला काय सल्ला द्याल? मुलं फार कडक असतात. "फोकस नाही," एकीने लिहिलं होतं. मग सांगते, हे दादासाहेब फाळके. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, 1913 साली, त्यांनी पहिला चित्रपट आणला. आणि विशीत ते शिकले ते आपल्या बडोद्याच्याच कलाभवनात, ज्यावरून तुम्ही रोज ट्यूशनला जाता. (त्रेचाळिशीपर्यंत शोधत राहणं पगारावर चालणाऱ्या घराला परवडत नाही, हेही तिथेच बोलतो.)

चौथ्या शनिवारी चिठ्ठ्या. प्रत्येकाने बाकी सातांसाठी लिहायचं: याला कुठल्या कामाला हाक माराल? खाली नाव नाही घालायचं. फोनवाल्या वडिलांचा मुलगा याच गटात होता. घरच्यांच्या मते बुजरा. त्याच्या दोन चिठ्ठ्यांवर जवळजवळ एकच मजकूर होता. दोन मुलं त्याच्याच पोळातली, म्हणजे गल्लीतली. 'गणपतीचा फाळो मागायला ह्याला पुढे करायचं. दार लावून घेणाऱ्या काकांकडूनपण ह्याने एकशे एक काढले.' वर्गणीला इथली आमची पोरंही फाळोच म्हणतात. त्याने ती चिठ्ठी दोनदा वाचली, कान लाल झाले, आणि म्हणाला, "मी नुसता उभा राहतो. ते बोलतात, मी ऐकतो. मग देतात."

अशी ओळ माझ्या कुठल्याच रिपोर्टात कधी आली नव्हती.

सहाव्या शनिवारी आईवडील येतात. त्याने चिठ्ठी वडिलांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा वर करून वाचली. "फाळो मागणं हे काय करिअर आहे?"

"मी कुठे म्हणतोय पप्पा? ए ग्रुप घेतोच आहे. फक्त सगळ्यांना 'नक्की आहे' म्हणून सांगू नका."

"मग काय सांगू?"

"सांगा, बघतोय."