हळू आवाजातली बोंब

रात्री झोप येईना तेव्हा ओरडण्याचे शब्द आठवत पडले होते. आपल्याकडे त्यांची वानवा नाही. भीतीची किंकाळी, दुःखाचा हंबरडा, तान्ह्या बाळाचा टाहो. हंबरड्यात तर वासरासाठी हंबरणारी गायच ऐकू येते. माणूस धावतो तोही जिवाच्या आकांताने. या शब्दांत ओरडणाऱ्याला काहीतरी दुखतंय, हे ऐकणाऱ्याला मान्य असतं. बोंबेचं तसं नाही. 'बस बोंबलत', 'नुसती बोंबाबोंब', 'चोराच्या उलट्या बोंबा'. बोंब म्हटलं की समोरच्याचं म्हणणं फाजील ठरवून मोकळं होता येतं.

'उगाच बोंब मारू नकोस.' दादा फोनवर एवढंच म्हणाला आणि मग बदलीचं सांगत बसला.

आवाज तरी चढला होता का माझा? आईचा नुकता कुठे डोळा लागला होता. मी तोंडापाशी हात आडवा धरून बोलत होते. रात्रीची बाई पुन्हा आली नाही, आईला कुशीवर वळवताना माझ्या पाठीत चमक भरते, इतकंच सांगितलं. वहिनीचा विषय तर मी काढलाही नाही. काढणारही नव्हते.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हाच असावा. मार आपला, हातही आपलाच.

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात, तो 1831 चा, बोंब म्हणजे तोंडावर हात मारत केलेली आरोळी. शिमग्याला अजून तशीच मारतात, पालथा हात ओठांवर आपटत. दादाची बोंब आमच्या आळीत सगळ्यांत लांब जायची. होळी पेटली की तो मान मागे टाकायचा, गळ्याच्या शिरा ताठ व्हायच्या, आणि 'बो' इतका लांबायचा की कुत्री भुंकायला लागायची. मी नैवेद्याचं ताट धरून उभी. एकदा हात तोंडाकडे नेला तर आजीने नुसतं पाहिलं. तो हात तेव्हा खाली आला तो आलाच. दादाला हे आठवत असेल का? नसेल. त्याला का आठवावं!

काल दिवसभर मला माझीच कीव येत होती. भांडी घासताना येत होती, गोळ्या मोजताना येत होती. आज जरा कमी आहे.

कारण त्याच शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, तो मी रोज वापरते. पाण्याची बोंब, पैशांची बोंब. तिथे कुणी ओरडत नसतं. जे हवं ते नसतं, बस्स. तिथे कुणी म्हणत नाही की उगाच सांगतेस, रिकामी घागर दिसत असते. या अर्थाने दादा बरोबरच बोलला म्हणायचं. आमच्याकडे बोंब आहेच. झोपेची आहे, माणसांची आहे, आणि ती हळू आवाजात सांगितली तरी तेवढीच राहते.

मघाशी त्याला लिहून पाठवलं: 'दादा, इथे हाताखाली माणसांची बोंब आहे. शनिवारी ये आणि आठ दिवस राहा. आईला कसं उचलायचं ते मी दाखवते.'

त्याने वाचलंय. उत्तर नाही. दुपारी फोन करते, आणि या वेळी गॅलरीत जाऊन बोलते.