बोसूवर डंबेल घेऊन डुलण्याआधी

आमच्या जिममध्ये सध्या बोसूची लाट आलीये. बोसू म्हणजे तो अर्धा बॉल, एका बाजूला सपाट कडक प्लेट आणि दुसऱ्या बाजूला फुगीर घुमट, 1999 मध्ये डेव्हिड वेक नावाच्या अमेरिकन माणसाने काढलेला. संध्याकाळी गेलात तर कुणी ना कुणी त्यावर उभं राहून दोन्ही हातांत डंबेल घेऊन डुलत असतंच, आणि समोर दुसरा कुणी मोबाईल धरून रील काढत असतो. विचारलं की उत्तर ठरलेलं, अगं याने कोअर बनतो, म्हणजे पोट-कमरेचे स्नायू.

बनतो की, पण असा नाही. हलणाऱ्या गोष्टीवर तुम्ही उभे राहता तेव्हा सगळ्यात आधी कामाला लागतो तो घोटा, पोट नाही. विश्वास नसेल तर आत्ता एका पायावर उभं राहून बघा आणि मग डोळे मिटा, लटपटायला कुठून सुरुवात होते ते लगेच कळेल. म्हणूनच पाय मुरगळल्यावर फिजिओ वॉबल बोर्डवर, म्हणजे डगमगणाऱ्या फळीवर, उभं करतात, तिथे त्याचा खरा उपयोग आहे. आणि पाया डळमळीत असला की पायांना पूर्ण जोर लावताच येत नाही, शरीर आधी स्वतःला सावरणार ना, त्यामुळे वजन कमी घ्यावं लागतं, म्हणजे ना धड स्क्वॉट झाला ना धड कोअर. स्क्वॉट जमिनीवरच करा बाबांनो, जड करा.

आता हाच डळमळीतपणा पायाखालून काढून हाताखाली किंवा कोपराखाली आणला की मात्र खेळ बदलतो. प्लँकमध्ये, म्हणजे कोपरं आणि पायाची बोटं टेकून शरीर सरळ ताठ धरायचं त्यात, कोपरं जमिनीवर असताना आरामात निघून जाणारा मिनिट कोपरं स्विस बॉलवर, म्हणजे हवा भरलेल्या मोठ्या व्यायामाच्या बॉलवर ठेवली की संपता संपत नाही, कारण बॉल चारही दिशांना पळायला बघतो आणि त्याला जागेवर धरायचं काम पोटाच्या आणि कमरेच्या स्नायूंवर येतं. माझा सगळ्यात आवडता प्रकार यातलाच, स्टर द पॉट. कॅनडाचे मणक्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅक्गिल यांनी तो लोकप्रिय केला. बॉलवर कोपरं टेकून प्लँक घ्यायचा आणि फक्त कोपरांनी छोटे छोटे गोल काढायचे, आधी एका बाजूने मग उलट, कंबर अजिबात हलू द्यायची नाही. गोल छोटाच ठेवा, साधारण ताटलीएवढा. मोठा काढायला गेलं की कंबर खाली झुकते आणि मग पोट सुटतं नि सगळा भार मणक्यावर जातो. श्वास रोखायचा नाही हे सगळ्यात अवघड, मी मनातल्या मनात नाही, चक्क मोठ्याने आकडे मोजते, बोलता येतंय म्हणजे श्वास चालू आहे.

हे झेपत नसेल तर डेड बग नावाच्या व्यायामापासून सुरू करा. पाठीवर झोपायचं, बॉल दोन्ही हात आणि दोन्ही गुडघे यांच्यामध्ये दाबून धरायचा, मग उजवा हात आणि डावा पाय लांब करायचा, उरलेल्या हाता-गुडघ्याने बॉल दाबलेलाच राहिला पाहिजे. कंबर जमिनीवरून उचलली गेली तर पाय एवढा खाली न्यायचा नाही, बस. दिसायला अगदी फालतू दिसतं, रील तर अजिबातच होणार नाही.

तसं बघितलं तर आपल्याकडे हे काही नवीन नाही. टांगता मल्लखांब आठवा, किंवा तो निराधार मल्लखांब, काचेच्या बाटल्यांवर पाट आणि पाटावर लाकूड. पण तिथली पोरं आधी पुरलेल्या खांबावर घट्ट होतात, मग डगमगत्यावर जातात. जिममध्ये आपण पहिल्याच आठवड्यात बाटल्यांवर चढतो.

स्विस बॉल घ्यायचा असेल तर माप बघून घ्या. माझी उंची 5 फूट 2 इंच, मला 55 सेमीचा बरोबर बसतो, साधारण साडेपाच फुटांच्या वरच्यांना 65 लागतो. त्यावर बसल्यावर मांड्या जमिनीला समांतर किंवा किंचित उताराला हव्यात, गुडघे वर आले तर बॉल लहान आहे किंवा हवा कमी आहे. 'अँटी-बर्स्ट' लिहिलेलाच घ्या, म्हणजे भोक पडलं तरी फटकन फुटणार नाही असा. पहिल्या दिवशी टम्म फुगवू नका, थोडी हवा कमी ठेवून एक दिवस जाऊ दे, बॉल जरा सैल पडतो, मग पुन्हा भरा. आणि आपल्या फ्लॅटमधल्या गुळगुळीत टाइल्सवर तो नुसता ठेवू नका, खाली योगा मॅट आणि पाय अनवाणी, मोजे घालून केलंत तर समोरचं शोकेस तुमचंच. केस आणि धूळ तर अशी चिकटते त्याला की विचारू नका, ओल्या फडक्याने पुसत राहायचं.

ऑफिसमध्ये खुर्चीऐवजी बॉल, हे फॅड मात्र मला पटत नाही. पाठ थकली की माणूस बॉलवरही पोक काढूनच बसतो, वर टेकायला काही नाही.

स्लिप डिस्क, चक्कर येण्याचा त्रास, हाडं ठिसूळ असणं किंवा प्रेग्नन्सी असेल तर आधी डॉक्टर किंवा फिजिओला विचारा, हे वेगळं सांगायला नको. बाकी बोसू घरी घ्यायची काही गरज नाही, महागही असतो आणि जागाही खातो. जिममधलाच उलटा करून प्लेटच्या कडा धरून प्लँक करा, फार भारी होतो. फक्त उलट्या बोसूच्या प्लेटवर उभं राहू नका, रील कितीही भारी दिसली तरी.