जोडीदाराचा हिशेब

रविवार, २ नोव्हेंबर २०२५

आज सगळ्यांचे डोळे नेरुळच्या डी. वाय. पाटील मैदानावर. महिला क्रिकेट विश्वचषकाची अंतिम लढत आणि तीही घरच्या अंगणात, मग दुसरं काय दिसणार? काल टेनिसमधल्या दुहेरीच्या रोहन बोपण्णाने निवृत्ती जाहीर केली, ती बातमी त्यामुळे क्रीडा पानाच्या कोपऱ्यात गेली. दुहेरीवाल्यांना कोपरा काही नवा नाही. कोर्टही बहुतेक वेळा कोपऱ्यातलंच मिळतं, एकेरीचे सामने आटोपले की.

शेवटचा सामना पॅरिसला, अलेक्झांडर बुब्लिकच्या जोडीने. जॉन पीअर्स आणि ट्रेसी यांच्याकडून हार, तिसऱ्या सेटऐवजीच्या दहा गुणांच्या सुपर टायब्रेकमध्ये ८-१०. बावीस वर्षांचा शेवट दोन गुणांच्या फरकाने.

कारकीर्द कागदावर मांडायची तर दोन आकडे पुरतात. एकेरीत त्याची सर्वोत्तम क्रमवारी २१३ (२००७), दुहेरीत १ (२०२४). २१३ म्हणजे ग्रँड स्लॅमच्या पात्रता फेरीचं दार, आतला दिवाणखाना नव्हे. उंची, जबरदस्त सर्व्हिस, एकहाती बॅकहँड, सगळं होतं. पण एकेरीत पाच सेट इकडून तिकडे पळायचं तर गुडघे आणि पाय वेगळे लागतात. पहिलं एटीपी (पुरुषांच्या व्यावसायिक दौऱ्यातलं) विजेतेपद २००८ मध्ये लॉस एंजेलिसला, एरिक बुटोरॅकबरोबर. २०१० मध्ये ऐसाम-उल-हक कुरेशीबरोबर अमेरिकन ओपनची अंतिम फेरी, ब्रायन बंधूंकडून दोन्ही सेट टायब्रेकमध्ये गमावले. २०१७ ला गॅब्रिएला डाब्रोव्स्कीबरोबर फ्रेंच ओपनची मिश्र दुहेरी. पुरुष दुहेरीचा ग्रँड स्लॅम मात्र थेट २७ जानेवारी २०२४ ला, ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये मॅथ्यू एब्डनबरोबर, ६१व्या प्रयत्नात, वयाच्या ४३व्या वर्षी.

लोक म्हणतात, चिकाटी. असेलही. पण ६१ प्रयत्नांमधली जोडीदारांची नावं एकाखाली एक लिहिली, तर चिकाटीपेक्षा वेगळंच काहीतरी दिसतं. ते उद्या.

सोमवार, ३ नोव्हेंबर

सोमवार म्हणजे क्रमवारीचा दिवस. ज्यांना दुहेरी फक्त टीव्हीवर दिसते त्यांना एक गोष्ट सहसा ठाऊक नसते: गुण जोडीला नाही, माणसाला मिळतात. ग्रँड स्लॅम जिंकला तर दोघांच्या खात्यात प्रत्येकी २०००, उपविजेत्यांना १२००, उपांत्य फेरीत हरलात तर ७२०, उपांत्यपूर्व फेरीत ३६०. पहिल्याच फेरीत गारद झालात तर शून्य. एटीपीच्या खालच्या पायरीची चॅलेंजर ७५ स्पर्धा जिंकलात तर ७५. जोडी फुटली की ज्याचे त्याचे गुण ज्याच्या त्याच्या खिशात.

प्रवेश मात्र दोघांच्या बेरजेवर. समजा, एक ४५व्या क्रमांकावर आणि दुसरा ७०व्या, तर बेरीज ११५. यादी बेरजेने लागते, बेरीज जितकी लहान तितकं नाव वर. ग्रँड स्लॅममध्ये ६४ जोड्यांना जागा, एटीपी २५० च्या स्पर्धेत फक्त १६. त्यात एक गोम आहे. एकेरी आणि दुहेरी यांतली जी क्रमवारी बरी ती बेरजेत धरता येते. म्हणजे एकेरीतला ३०वा आणि ४०वा असे दोघे सहज गंमत म्हणून नाव देतात, बेरीज ७०, आणि ११५ ची वर्षभर दुहेरीच खेळणारी जोडी यादीबाहेर. मग ही जोडी तिथेच पर्यायी म्हणून सही करून लॉकर रूममध्ये बसून राहते. कारण दुपारी एकेरी जिंकलेला गडी संध्याकाळी ‘मांडी आखडली’ म्हणून दुहेरीतून माघार घेण्याची शक्यता बरीच असते. बॅग भरलेली, ग्रिप गुंडाळलेली, मनगटाला पट्टी, आणि सामना होणार की नाही ते पंधरा मिनिटं आधी कळणार.

म्हणून दुहेरीवाल्याचं खरं कसब नेटजवळ जेवढं लागतं तेवढंच फोनवर लागतं. कोणाची जोडी फुटायला आली आहे, कोणाचे किती गुण पुढच्या महिन्यात गळणार आहेत, डावखुरा कोण मोकळा आहे. करार बहुधा तोंडीच: ‘विम्बल्डनपर्यंत खेळू, मग बघू.’

गुण गळण्याचं गणित निर्दय आहे. प्रत्येक निकालाचं आयुष्य ५२ आठवडे. बोपण्णाचंच घ्या. २०२४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनचे २००० गुण जानेवारी २०२५ मध्ये उतरायचे होते. एव्हाना मॅथ्यू एब्डनबरोबरची जोडी संपलेली. निकोलस बारिएन्तोसबरोबर मेलबर्नला पहिल्याच फेरीत हार. २००० गेले, जागी शून्य. मार्चमध्ये मायामीच्या विजेतेपदाचे १००० उतरणीला. क्रमवारी घसरली की बेरीज वाढते, बेरीज वाढली की चांगला जोडीदार नकार देतो, जोडीदार नसला की गुण नाहीत. या घसरगुंडीवर एकदा बसलं की मध्येच उतरता येत नाही. २०२५ मधले त्याचे जोडीदार पाहा: मॉन्टे कार्लोला बेन शेल्टन, फ्रेंच ओपनला अ‍ॅडम पाव्लासेक, विम्बल्डनला सँडर जिले, अमेरिकन ओपनला रोमेन अर्निओडो, टोकियोला ताकेरू युझुकी, शेवटी बुब्लिक. पैकी युझुकीबरोबर तर अंतिम फेरी गाठली, पंचेचाळिशीत.

उलट २०२३ आणि २०२४ बघा. बहुतेक एकच नाव, एब्डन. दोहा जिंकली, इंडियन वेल्स जिंकली, विम्बल्डनची उपांत्य फेरी, अमेरिकन ओपनची अंतिम फेरी, मग मेलबर्न. एब्डनकडे २०२२ चं विम्बल्डन आधीच होतं. खेळ रातोरात बदलत नाही, तोही त्रेचाळिशीत. पण दर आठवड्याला तोच माणूस शेजारी असला की मधल्या चेंडूवर कोण जाणार हा प्रश्नच उरत नाही. दुहेरीत जास्तीत जास्त गुण त्या मधल्या चेंडूवरच जातात. दोघेही थांबतात, चेंडू मधून निघून जातो.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

पैशाचं थोडक्यात, कारण फार लिहिण्यासारखं नाही. २०२४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये एकेरीच्या विजेत्याला ३१.५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. दुहेरीच्या विजेत्या जोडीला ७.३ लाख, म्हणजे डोक्यामागे ३.६५ लाख. हे शिखरावरचं. तळाशी, आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) १५ हजार डॉलरच्या स्पर्धेत, दुहेरी जिंकणाऱ्या जोडीला मिळून हजार डॉलरसुद्धा पडत नाहीत. त्यातून विमान, खोली, स्ट्रिंगिंग. म्हणून अनेक जोड्या एकच प्रशिक्षक अर्ध्या-अर्ध्या खर्चात ठेवतात. एटीपीने २०२४ पासून किमान कमाईची हमी आणली, पहिल्या शंभरांना वर्षाला तीन लाख डॉलर. ती एकेरीच्या क्रमवारीवर.

यंदा अमेरिकन ओपनने मिश्र दुहेरी मुख्य स्पर्धेच्या आधी दोन दिवसांत उरकली. सोळा जोड्या, बहुतेक एकेरीचे तारे, अंतिम सामना सोडून चार-चार गेमचे सेट, बक्षीस दहा लाख डॉलर. जिंकलं कोण? सारा एरानी आणि आंद्रेआ वावासोरी, दोघेही दुहेरीत मुरलेले आणि आदल्या वर्षीचे विजेते. मेलबर्नला बोपण्णा-एब्डनसमोर सिमोने बोलेल्लीबरोबर हरला तोच हा वावासोरी. आयोजकांना बहुधा वेगळं चित्र हवं होतं.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आज फक्त कोर्ट.

एकेरीचं कोर्ट २७ फूट रुंद, दुहेरीचं ३६. दोन्ही बाजूंना साडेचार फुटांची गल्ली. माणसं दुप्पट, जागा फक्त एक तृतीयांशाने जास्त. म्हणून ताकदीपेक्षा कोन आणि उंची यांचा खेळ. नेट मध्यभागी तीन फूट, खांबाजवळ साडेतीन. ते सहा इंच दुहेरीत फार मोठे. मधून मारलेला परतीचा फटका खाली राहतो, समोरच्याला चेंडू नेटच्या खालून उचलावा लागतो, उचलला की तो वर येतो, वर आला की संपला.

नाणेफेकीनंतर पहिली सर्व्हिस कोण करणार? ‘ज्याची जास्त जोरात तो’ हे अर्धंच उत्तर. बाजू विषम गेमनंतर बदलते आणि जोडीतला प्रत्येक जण चार गेमनंतर सर्व्हिसला येतो. वहीत एकदा मांडून पाहा: पहिला गेम उत्तरेकडून, तोच खेळाडू पाचव्या गेमला पुन्हा उत्तरेकडेच. तिसरा आणि सातवा गेम जोडीदाराचे, दोन्ही दक्षिणेकडून. म्हणजे एका सेटमध्ये प्रत्येक जण कायम एकाच टोकाकडून सर्व्हिस करतो. चेंडू उडवताना उजव्या खांद्यावर सूर्य येत असेल तर उजव्या हाताच्या माणसाला ते टोक द्यायचं नाही, डावखुऱ्याला द्यायचं. वाऱ्याचंही तसंच. नवीन सेटला क्रम बदलता येतो, आणि दोन तासांत सूर्यही सरकलेला असतो. हौशी जोड्या इथेच चुकतात. पहिल्या सेटचा क्रम सवयीने पुढे रेटतात आणि चौथ्या गेमपर्यंत तीन डबल फॉल्ट होतात.

आता ४०-४०. एटीपीच्या दुहेरीत २००६ पासून अ‍ॅडव्हांटेज (सलग दोन गुणांची अट) नाही, एकच निर्णायक गुण. तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा सुपर टायब्रेक. (ग्रँड स्लॅममधल्या पुरुष दुहेरीत तिसरा सेट पूर्ण खेळतात, ६-६ ला दहाचा टायब्रेक.) निर्णायक गुणावर चेंडू कोणत्या बाजूने घ्यायचा ते परतवणारी जोडी ठरवते. मिश्र दुहेरीत तीही मुभा नाही. पुरुषाची सर्व्हिस पुरुषानेच घ्यायची, बाईची बाईने.

सर्व्हिस करणारी जोडी काय करते? दोघे मध्ये येतात, चेंडू किंवा रॅकेट तोंडासमोर धरून कुजबुज. मग नेटवरचा गडी मधल्या रेषेवर पाय फाकवून वाकतो, डोकं नेटच्या पट्टीखाली. याला आय फॉर्मेशन म्हणतात. पाठीमागे हात: बहुतेकांची मूठ म्हणजे जागेवर, उघडा पंजा म्हणजे आडवा जाणार, बोटं सर्व्हिसची दिशा सांगतात. सर्व्हिस करणारा मधल्या खुणेला जवळजवळ चिकटून उभा. चेंडू टी वर (सर्व्हिसच्या चौकटीच्या मधल्या कोपऱ्यात) पडला पाहिजे, म्हणजे समोरच्याला कोन मिळत नाही. नेटवरचा एका बाजूला झेपावतो, सर्व्हिस करणारा दुसरी बाजू धरतो.

बिघडतं कुठे? पहिलं, सर्व्हिस टी ऐवजी बाहेर जाते. परतवणाऱ्याला गल्ली उघडी सापडते. दुसरं, नेटवरचा अर्धा क्षण लवकर हलतो. परतवणारा चांगला असेल तर तो नेमका याच हालचालीची वाट पाहत असतो आणि त्याच्या मागून मारतो. तिसरं, पहिली सर्व्हिस चुकते. दुसऱ्या सर्व्हिसवर आय फॉर्मेशन म्हणजे जुगार. म्हणून जाणकार निर्णायक गुणावर पहिल्या सर्व्हिसचा वेग थोडा कमी करतात, फिरकी वाढवतात, पण आत टाकतात. बोपण्णासारख्या तोफखान्यालासुद्धा हे शिकावं लागतं.

परतवणाऱ्यांकडेही उतारे आहेत. दोघांनीही बेसलाइनवर (कोर्टाच्या मागच्या रेषेवर) उभं राहायचं, म्हणजे नेटवरच्याला सोपं लक्ष्य उरत नाही. किंवा लॉब, नेटवरच्याच्या डोक्यावरून उंच चेंडू. किंवा सगळ्यात कुरूप आणि सगळ्यात उपयोगी: मधोमध, कमरेखाली, मंद चेंडू.

शनिवार, ८ नोव्हेंबर

उद्यापासून ट्युरिनला एटीपीची वर्षअखेरची स्पर्धा, वर्षातल्या सर्वोत्तम आठ जोड्या.

बोपण्णाच्या गुडघ्यांत कूर्चा उरलेलीच नव्हती. इंजेक्शनं झाली, रोजच्या वेदनाशामक गोळ्या झाल्या. २०२१ मध्ये पाच महिने एक सामना जिंकला नाही, एस्टोरिलहून बायकोला निवृत्तीचा निरोप पाठवून झाला होता. तोवर टाळेबंदीच्या काळात अय्यंगार योग सुरू केला होता. धावणं नाही, जड वजनं नाहीत. पट्टे, लाकडी ठोकळे, खुर्च्या, आणि एकाच आसनात खूप वेळ. सांध्यावर भार न टाकता मांडी आणि कंबर बळकट करायची, म्हणजे झटका गुडघ्यावर न येता स्नायूवर येतो. बेंगळुरूत शिकला, पण या पद्धतीचं मूळ घर पुण्यातलं, मॉडेल कॉलनीतलं. दुहेरीला हे पुरतं, कारण इथे धाव तीन-चार पावलांची. खरा ताण खाली वाकून व्हॉली (टप्पा पडायच्या आधीचा फटका) मारण्याचा आणि पुन्हा वर येण्याचा. एकेरीला पुरलं नसतं.

पुण्याशी त्याचे धागे बरेच. पोरवयात नंदन बाळ यांच्याकडे शिकला, बालेवाडीत महाराष्ट्र ओपनची दुहेरी दोनदा जिंकला, २०१९ ला दिविज शरणबरोबर आणि २०२२ ला रामकुमार रामनाथनबरोबर. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत मिश्र दुहेरीचं सुवर्णपदक ऋतुजा भोसलेच्या जोडीने. पहिला सेट २-६ गेला होता, सुपर टायब्रेक १०-४.

आता पुढची बेरीज अर्जुन कढेसारख्यांची. पुण्याचा पोरगा, अमेरिकेत ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाकडून खेळून आलेला. वर्षानुवर्षं चॅलेंजर, एकेक आठवड्याने गोळा केलेले गुण. ऑक्टोबर २०२४ मध्ये अल्माटीला ऋत्विक चौधरी बोल्लीपल्लीबरोबर पहिलं एटीपी विजेतेपद. पहिला सेट ३-६, दुसरा टायब्रेकमध्ये, सुपर टायब्रेक १४-१२. क्रमवारीचे अडीचशे गुण. सामन्यातले दोन गुण इकडचे तिकडे झाले असते तर दीडशे.

त्या अडीचशेचे ५२ आठवडे गेल्या महिन्यात भरले.