तुम्ही विचारलंत म्हणून: रेसिपीत १.०४५ आणि हायड्रोमीटरवर १.०३२, आता काय?

"मावशी, ओजी १.०४५ यायला हवी होती, १.०३२ आलीय, साखर घालू का?" असा मेसेज आणि खाली हायड्रोमीटरचा, म्हणजे द्रवात तरंगत ठेवून तो किती जड आहे ते दाखवणाऱ्या काचेच्या नळीचा, तिरका फोटो. भाचा लीड्सला असतो, त्याचा मित्र मेलबर्नला, आमच्या ठाण्यातल्या सोसायटीतली एक मुलगी बर्लिनला, ही सगळी मंडळी तिकडे घरी एक्स्ट्रॅक्टपासून, म्हणजे बार्लीतली साखर काढून आटवलेल्या तयार अर्कापासून, बिअर करतात आणि आकडा चुकला की मला विचारतात, कारण माझी सगळी नोकरी रबाळ्याच्या एमआयडीसीत क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये गेली आणि तिथे द्रवाची डेन्सिटी मोजणं हे रोजचंच काम होतं. बिअरचं मी शिकले ते भाच्याच्या किचनमध्ये त्याच्या शेजारी उभं राहून. इथे ठाण्यात मी करत नाही आणि तुम्हीही करू नका, महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली लायसन्सशिवाय घरी बिअर बनवणं गुन्हा आहे. ब्रिटनमध्ये १९६३पासून घरगुती बिअरला लायसन्स लागत नाही, तेव्हा हे सगळं तिकडे राहणाऱ्यांसाठी आहे, आणि इथल्या ज्यांना नुसतं समजून घ्यायचंय त्यांच्यासाठी.

तर उत्तर: साखर घालू नका. आधी ढवळा.

आता का ते सांगते. ओजी म्हणजे यीस्ट घालायच्या आधीची ग्रॅव्हिटी, वर्ट, म्हणजे बिअर व्हायच्या आधीचं गोड पाणी, साध्या पाण्याच्या किती पट जड आहे तो आकडा. १.०४५ म्हणजे पाण्यापेक्षा साडेचार टक्के जड, ब्रूइंगवाले याला ४५ पॉइंट म्हणतात. जो माणूस धान्यापासून बिअर करतो त्याला आपल्या बार्लीतून किती साखर उतरेल याची खात्री नसते, दळण, तापमान, वेळ सगळ्याचा परिणाम होतो, त्यामुळे त्याची ओजी खरोखर कमी येऊ शकते. एक्स्ट्रॅक्टमध्ये हे सगळं काम कारखान्यातच झालेलं असतं, माल्टमधली, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीतली, साखर काढून, आटवून डब्यात भरलेली असते. तुम्ही फक्त ती पाण्यात विरघळवता. म्हणजे ओजी मोजायच्या आधीच ती कागदावर काढता येते आणि माझं ठाम मत आहे की काढायलाच हवी!

गणित सोपं आहे. पातळ एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे काकवीसारखा दिसतो तो, एक किलो एक लिटरच्या हिशोबात साधारण ३०० पॉइंट देतो, पावडर असेल तर साधारण ३७०, साधी साखर ३८५च्या आसपास. किलोने गुणा, एकूण लिटरने भागा. ३ किलो पातळ एक्स्ट्रॅक्ट, शेवटी २० लिटर वर्ट, ९०० भागिले २०, ४५. झाली ओजी १.०४५. तिकडे १.७ किलोचा डबा मिळतो, त्यात एक किलो पावडर घालून २३ लिटर केलं तर ५१० अधिक ३७०, भागिले २३, म्हणजे ३८ पॉइंट. एक्स्ट्रॅक्ट कंपनीप्रमाणे थोडा मागेपुढे असतो, दोन-तीन पॉइंट इकडेतिकडे धरा, पण तेरा पॉइंटचा फरक एक्स्ट्रॅक्टमुळे पडत नाही. डबा पूर्ण रिकामा केलाय आणि लिटर बरोबर आहेत, तर साखर बादलीतच आहे, दुसरीकडे जाणार कुठे. म्हणून आकडा पटला नाही की पहिला संशय सँपलवर घ्यायचा, मग मापावर, बिअरवर सगळ्यात शेवटी.

सँपलवर का, तर बहुतेक जण अर्धंच पाणी उकळतात, त्यात एक्स्ट्रॅक्ट घालतात, थंड करतात आणि वरून गार पाणी ओतून बादली भरतात. आपण लिंबू सरबत करताना साखर खाली बसते आणि वरचा घोट आंबट लागतो तसंच इथे होतं, दाट वर्ट तळाशी आणि वर जवळजवळ पाणी. झाकण उघडून वरून पळीने सँपल घेतलं की कमी येतं, खालच्या नळातून घेतलं की जास्त येतं, १.०६०सुद्धा दिसू शकतं आणि मग "मावशी फारच स्ट्राँग झाली का" असा उलटा मेसेज येतो. धुतलेल्या, सॅनिटाइझ केलेल्या मोठ्या चमच्याने तळापासून चार-पाच मिनिटं जोर लावून ढवळा, हळूहळू फिरवून काही होत नाही, फेस यायला हवा, त्याने वर्टमध्ये हवाही मिसळते आणि यीस्टला सुरुवातीला ती हवीच असते. ढवळून वरून एक आणि खालून एक अशी दोन सँपल घ्या, दोन्ही जुळली तरच तो आकडा लिहा. आणि समजा यीस्ट घालून झालंय, आता ढवळायचं नाहीये, तरी काळजी नको, फर्मेंटेशन सुरू झालं की बुडबुड्यांनी सगळं आपोआप मिसळतं, तुम्ही वहीत गणिताने आलेली ओजी लिहा आणि पुढे चला. साखर घालून बसलात तर मात्र ती परत काढता येत नाही, बिअर पातळ अंगाची होते, आणि ज्या रेसिपीवर इतकी मेहनत घेतली ती राहतच नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट लिटर. बादलीवर छापलेल्या रेघांवर विश्वास ठेवू नका, एकदा मापाच्या जगने पाणी ओतून स्वतः खुणा करा. आणि गॅलन! रेसिपी अमेरिकन असेल तर ५ गॅलन म्हणजे १८.९ लिटर, ब्रिटिश ५ गॅलन म्हणजे २२.७. तेच ३ किलो एक्स्ट्रॅक्ट पहिल्यात ४७-४८ पॉइंट देतं आणि दुसऱ्यात ४० सुद्धा नाही. लीड्सला बसून अमेरिकन रेसिपी ब्रिटिश बादलीत केली की हे होतंच. यात वर्ट खरंच पातळ झालेलं असतं, आणि वाढवायचंच असेल तर एक्स्ट्रॅक्टची पावडर हिशोब करून घाला, साखर नको. डब्याला चिकटलेलं एक्स्ट्रॅक्टही गरम पाण्याने खळबळून घ्या, शंभर ग्रॅम राहिलं तर दीड पॉइंट गेला.

तापमान. हायड्रोमीटर बघा, त्यावर कुठेतरी १५.६ किंवा २० अंश असं लिहिलेलं असतं, त्याच तापमानाला तो बरोबर असतो. द्रव गरम असेल तर हलका होतो, हायड्रोमीटर जास्त बुडतो आणि आकडा कमी दिसतो. इथे ठाण्यात मे महिन्यात नळाच्या साध्या पाण्यात माझा २० अंशाचा हायड्रोमीटर ०.९९७ दाखवतो, त्यात काही बिघाड नाहीये, पाणीच ३२ अंशाचं असतं. २०च्या हायड्रोमीटरला ३० अंशावर अडीच-तीन पॉइंट मिळवा, ४० अंशावर सहा-सात, त्याच्या वर असेल तर तक्ते बघू नका, सँपल झाकून थंड होऊ द्या.

हायड्रोमीटरच खोटा असेल तर? असू शकतो, आतला कागद सरकतो. २० अंशाच्या पाण्यात १.००० दिसतंय का बघा आणि तेवढ्यावर थांबू नका, २५ ग्रॅम साखर आणि २२५ ग्रॅम पाणी काट्यावर मोजून विरघळवा, हे १० टक्क्यांचं द्रावण झालं, २० अंशाला ते १.०४० च्या जवळ यायला हवं. आपल्याकडे साखर कारखान्यात उसाच्या रसाचा ब्रिक्स म्हणतात तो हाच टक्का, आणि दूध तपासायचा लॅक्टोमीटर हेही याच तत्त्वावरचं यंत्र, फक्त पट्टी वेगळी. वाचताना नळी सपाटीवर ठेवा, हायड्रोमीटर कडेला चिकटू देऊ नका, डोळा पातळीला आणा आणि काचेजवळ वर चढलेली कड सोडून खालची सपाट रेघ वाचा. तिरका फोटो पाठवला तर मीही काही सांगू शकत नाही.

इथपर्यंत मी सांगतेय की गणितावर विश्वास ठेवा. शेवटच्या ग्रॅव्हिटीला, एफजीला, हे लागू नाही, ती गणिताने आधी कळत नाही. यीस्ट किती साखर खाईल हे एक्स्ट्रॅक्टवर, यीस्टवर, तापमानावर ठरतं, म्हणून तिथे हायड्रोमीटरच प्रमाण. आणि इथे चूक झाली तर नुसता आकडा चुकत नाही, उरलेली साखर बाटलीत आंबत राहते आणि काच फुटते, माणसाला लागतं. दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोन वेळा मोजून तोच आकडा आला, आणि तो रेसिपीतल्या एफजीच्या आसपास आहे, तरच बाटल्या भरा. एअरलॉकमधले (झाकणावरच्या, गॅस बाहेर सोडणाऱ्या पाण्याच्या नळीतले) बुडबुडे थांबले हा पुरावा मी मानत नाही, झाकण नीट बसलं नसलं तरी ते थांबतात.

एफजी मोजताना सँपल दोन ग्लासांमध्ये वरून खाली ओतून गॅस काढा, नाहीतर बुडबुडे हायड्रोमीटरला चिकटून त्याला वर उचलतात आणि आकडा खोटा जास्त येतो. सँपल परत बादलीत ओतू नका, चाखून बघा. १.०२० ला अडकलीय असं वाटलं तर आधी हे करा, मग खोली थंड आहे का बघा, बादली २० अंशाच्या आसपास आणा, हलकेच फिरवून तळाचं यीस्ट उठवा, आठवडाभर द्या. गडद एक्स्ट्रॅक्ट किंवा लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, असेल तर ती तिथेच थांबणार असेल, ब्रूइंगचं यीस्ट लॅक्टोज खात नाही.

आणि ज्यांच्याकडे रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे द्रवातून प्रकाश किती वळतो त्यावरून साखर मोजणारं यंत्र, आहे त्यांच्यासाठी मुद्दाम. तो ओजीला उत्तम, दोन थेंबांत काम, पण अल्कोहोल तयार झाला की तो फसवतो. १२.४ ब्रिक्सपासून सुरू केलेली बिअर शेवटी ६.५ दाखवते, साधं रूपांतर केलं की १.०२६ येतं आणि "अडकली, अडकली" म्हणून मेसेज येतो, खरी ग्रॅव्हिटी असते १.०१२ च्या आसपास. हायड्रोमीटर घ्या किंवा अल्कोहोलची दुरुस्ती असलेलं सूत्र वापरा.

अल्कोहोल किती झालं तेही विचारता, तर ओजी वजा एफजी, गुणिले १३१.२५. ४५ पॉइंटवरून १२ ला आली तर ०.०३३ गुणिले १३१.२५, सुमारे ४.३ टक्के. यात ओजी कुठली घालायची, तर वरच्या थरातली १.०३२ नाही, कागदावरची १.०४५.