फूटी खेळणं सुटलं आणि कॉमेंट्री सुरू झाली, माझा अनुभव

मेलबर्नला एका लोकल क्लबच्या सगळ्यात खालच्या टीममधून सहा सीझन फूटी, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, खेळलो, मग एकदा मार्क घ्यायला, म्हणजे किक मारलेला बॉल हवेतच झेलायला, उडी मारली आणि खाली येताना गुडघ्याचं एसीएल, म्हणजे आतलं लिगामेंट, गेलं. ऑपरेशन झालं, खेळणं बंद. शनिवारी घरात नुसती चिडचिड, शेवटी बायको म्हणाली निदान ग्राउंडवर तरी जाऊन बस बाबा. तिथे क्लबच्या मॅच स्ट्रीम करणाऱ्या एका म्हाताऱ्याला शेजारी बडबडायला कुणीतरी हवंच होतं.

म्हटलं यात काय, खेळलोय की आपण! इथे टीव्हीवर कॉमेंट्रीला खेळाडूच तर असतात, ब्रायन टेलरने १९८६ ला कॉलिंगवूड क्लबकडून १०० गोल मारलेत, डेझी पिअर्स मेलबर्न क्लबच्या महिला टीमची कॅप्टन असतानाच चॅनल सेव्हनवर बोलायची. आपले मराठीत क्रिकेटची कॉमेंट्री करणारे बाळ ज. पंडितसुद्धा आधी रणजी खेळलेले.

पहिल्याच मॅचला तोंडावर आपटलो. बॉल मधल्या दोन उंच खांबांतून गेला, मी गोऽऽल म्हणून बोंबललो, सहा पॉइंट देऊनही टाकले, आणि गोल अंपायरने एकच झेंडा हलवला. बॉल खांबाला घासून गेलेला, म्हणजे बिहाइंड, एक पॉइंट. म्हातारा माईकवर हात ठेवून म्हणाला, बॉल सोड, अंपायरची बोटं बघ, दोन म्हणजे गोल, एक म्हणजे बिहाइंड. आता खेळताना सहा वर्षं बॉलवरून नजर हटवायची नाही हेच शिकलो होतो ना!

दुसरी बोंब नंबरांची. मैदानात ३६ जण, आणि चिखल झाला की सगळे सारखेच दिसतात. मग शुक्रवारी रात्री कॉर्नफ्लेक्सच्या पुठ्ठ्यावर पोझिशनप्रमाणे नंबर मांडायला लागलो, डाव्या पायाने किक मारणारे हिरव्या पेनने. तरी आमच्या टीमला 'आपण' म्हणायची खोड जाता जाईना.

पुढच्या वर्षी तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग कम्युनिटी रेडिओला पाठवलं. उत्तर आलं, आवाज ठीक आहे पण स्कोअर कुठाय? खरंच, अख्ख्या क्लिपमध्ये एकदाच सांगितला होता, स्ट्रीमवर तो दिसतो, रेडिओवर कोण बघणार. मग गाडीत एकट्यानेच बारा गोल, सात बिहाइंड, एकोणऐंशी असं घोकत ऑफिसला जायचो, सिग्नलला लोक बघायचे.

आता बाउंड्रीवर उभा असतो, फुकटच. पाऊस आला की छत्री आधी माईकवर, मग माझ्यावर.