किंगफिशर किती बुडले पाहिजे?

पाण्यावर उतरणाऱ्या विमानाचा डायोरामा, म्हणजे छोट्या प्रमाणातला देखावा, करायला घेतला की पहिला विचार पाण्याचा येतो. कोणते रेझीन (ओतल्यावर कडक होणारे पारदर्शक द्रव) वापरावे, निळा रंग कोणता घ्यावा आणि लाटा कशाने उठवाव्यात, यांतच आपण रमतो. मीही तसाच रमलो आणि त्यापायी एक संपूर्ण डायोरामा वाया घालवला. दुसऱ्या खेपेस मी बाटल्या बाजूला ठेवल्या आणि आधी एवढेच विचारले की हे विमान पाण्यात नेमके किती बुडलेले असायला हवे.

विमान होते व्हॉट किंगफिशर, प्रमाण १:४८. पोटाखाली एक मोठा फ्लोट, म्हणजे विमानाला तरंगत ठेवणारा पोकळ भाग, आणि पंखांच्या टोकांशी दोन लहान फ्लोट अशी त्याची रचना असते. १९४४ च्या एप्रिलअखेरीस प्रशांत महासागरातील ट्रुक बेटांवरील हवाई हल्ल्यांच्या वेळी लेफ्टनंट जॉन बर्न्स यांनी ‘नॉर्थ कॅरोलिना’ या युद्धनौकेवरील अशाच एका किंगफिशरमधून समुद्रात पडलेल्या अमेरिकी वैमानिकांना उचलले. पंखांवर इतकी माणसे बसली की उड्डाण अशक्य झाले, म्हणून त्यांनी ते विमान पाण्यावरूनच चालवत ‘टँग’ या पाणबुडीपर्यंत नेले. मला तोच प्रवास दाखवायचा होता. (त्या बेटांचे आजचे नाव ‘चूक’ असे आहे, आणि माझ्या पहिल्या प्रयत्नाला ते चांगले शोभले असते.)

त्या पहिल्या प्रयत्नात मी चौकटीत विमान बसवून पंधरा मिलिमीटर इपॉक्सी रेझीन एकाच वेळी ओतले. रेझीन आणि त्याला कडक करणारा हार्डनर यांच्या संयोगातून उष्णता निघते आणि थर जितका जाड असेल तितकी ती आत कोंडते, हे ठाऊक असूनही मला घाई झाली होती. सकाळी पाहतो तो रेझिनला पिवळसर झाक आलेली, कडेला तडा गेलेला, फ्लोटला बुडबुडे चिकटलेले आणि उजव्या लहान फ्लोटचा प्लास्टिकचा आधार मऊ होऊन वाकलेला. यापेक्षाही मला खटकली ती दुसरीच गोष्ट. जिथे रेझीन नितळ उतरले होते तिथेसुद्धा विमान काचेवर ठेवल्यासारखे दिसत होते, कारण त्याला वजनच नव्हते.

म्हणून दुसऱ्या वेळी वजनापासून सुरुवात केली. भरलेल्या किंगफिशरचे वजन सुमारे २,७०० किलो असते. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते, आणि समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा किंचित जड असल्यामुळे या विमानाला साधारण २,६३० लिटर पाणी सारावे लागेल. प्रमाण १:४८ असल्याने आकारमान ४८ च्या घनाने, म्हणजे १,१०,५९२ ने भागायचे; उत्तर येते जवळजवळ २४ घनसेंटिमीटर. माझ्या मांडणीत पंखांवर सात माणसे होती. प्रत्येकी ७५ किलो धरले तर त्यांच्यामुळे आणखी साडेचारच्या वर भर पडते. परंतु तोवर इंधन बरेचसे जळून गेलेले असणार, असे गृहीत धरून मी २७ वर थांबलो.

हे २७ घनसेंटिमीटर मोजण्यासाठी डिजिटल वजनकाटा पुरला. काट्यावर पाण्याचे भांडे ठेवून आकडा शून्यावर आणायचा आणि सांधे नीट बंद केलेला फ्लोट हातात धरून, भांड्याच्या तळाला किंवा कडेला न टेकवता, हळूहळू पाण्यात दाबायचा. काट्यावर जितके ग्रॅम दिसतील तितके घनसेंटिमीटर पाणी फ्लोटने सारलेले असते. आकडा २७ झाला की पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीने खूण करायची. नेहमीच्या वजनाची जलरेषा आणि ही जलरेषा यांत माझ्या फ्लोटवर जेमतेम दीड मिलिमीटरचे अंतर पडले, पण मॉडेलकडे पाहताना डोळ्याला ते लगेच जाणवते. शिवाय एकाच मुख्य फ्लोटवर बसणारे विमान सहसा एका बाजूला किंचित कलते आणि त्या बाजूचा लहान फ्लोट पाण्याला टेकतो. मी डावी बाजू कलती ठेवली आणि त्या पंखावर चार माणसे बसवली.

जलरेषा ठरली तरी पाण्याने ती पाळायला हवी. ओले रेझीन प्लास्टिकला धरून वर चढते आणि फ्लोटभोवती दोन-तीन मिलिमीटरची गोल कड तयार करते. १:४८ मध्ये ती दहा ते पंधरा सेंटिमीटर उंचीची ठरते, आणि खऱ्या समुद्रात असे कधी दिसत नाही. खरे पाणी वापरले असते तरी पृष्ठताणामुळे हेच झाले असते. तेव्हा मी रेझीन ओतण्याचा बेत सोडून दिला. दाट फोमच्या लादीवर लाटांचा ढोबळ आकार कोरला, त्यावर ॲक्रिलिक मॉडेलिंग पेस्टचा थर दिला आणि पेस्ट ओली असतानाच, पातळ प्लास्टिक फिल्ममध्ये गुंडाळलेला फ्लोट खुणेपर्यंत त्यात दाबून नेमका साचा उमटवून घेतला. पॉलिस्टायरीन फोमवर काम करणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे की पॉलिस्टर रेझीन, बहुतेक स्प्रे रंग आणि झटपट चिकटणारा गोंद हे तिन्ही फोम खाऊन टाकतात.

लाटांच्या बाबतीतही हिशेबाने बरीच मदत केली. खोल पाण्यात चालणाऱ्या वस्तूच्या मागे पसरणारा माग दोन्ही बाजूंना सुमारे साडेएकोणीस अंशांचा असतो आणि वेग कमी-जास्त झाला तरी तो कोन बहुधा बदलत नाही. लॉर्ड केल्विन यांनी १८८७ मध्ये हे गणिताने दाखवले. वेगाप्रमाणे बदलते ते मागच्या आडव्या लाटांमधले अंतर. पाच नॉटच्या (ताशी सुमारे नऊ किलोमीटर) वेगाला ते सव्वाचार मीटरच्या आसपास भरते, म्हणजे माझ्या डायोरामात नऊ सेंटिमीटर. कोनमापक घेऊन मी मुख्य फ्लोटचा आणि टेकलेल्या लहान फ्लोटचा असे दोन माग आखले. ते जिथे एकमेकांना छेदतात तिथली गुंतागुंत कोरताना मला सर्वांत जास्त आनंद मिळाला. वाऱ्याच्या बारीक तरंगांसाठी टिश्यू कागद पातळ गोंदात भिजवून पसरला आणि ब्रशने त्याला सुरकुत्या पाडल्या.

रंगाविषयी माझे मत थोडे हट्टी आहे. खोल समुद्राला पारदर्शकता लागत नाही. खळग्यांत काळपट निळा आणि लाटेच्या पातळ माथ्यावर, जिथून उजेड आरपार येतो तिथे, हिरवट झाक एवढे पुरते. त्यावर ग्लॉस जेलचे (वाळल्यावर पारदर्शक आणि चकचकीत होणाऱ्या लेपाचे) पातळ थर एक एक दिवस वाळू देत चढवले. जाड थर आतून दुधाळच राहतो, हे मी एका कोपऱ्यात आजमावून पाहिले आहे. फेसासाठी पांढरा रंग अगदी हात राखून वापरला, कारण पाच नॉटला समुद्र उसळत नाही.

माणसांचे कपडे ओले दिसावेत म्हणून त्यांवर चकचकीत वार्निशचा हात दिला, आणि मग विमान साच्यात बसवून फ्लोटभोवतीची फट जेलने बुजवली. दुसऱ्या दिवशी जेल पारदर्शक झाले तेव्हा डाव्या फ्लोटजवळ ब्रशचा एक केस अडकलेला दिसला. तो सुईने उपटून काढला आणि उरलेल्या ओरखड्यावर फेसाचा एक ठिपका ठेवला.